हातमोजे न काढता उघडणारा दिवा

त्या हिवाळ्यात माझं पोस्टिंग उत्तरेच्या बर्फातल्या एका चौकीवर होतं. मी मध्य प्रदेशातल्या बुरहानपूरचा, हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियन. जनरेटर, केबल आणि बाहेरचे दिवे माझ्याकडे. चौकीवर मराठी बोलणारा मी एकटाच.

दुसरा होता खालच्या चौकीवर. नायक दत्तू शिंगाडे, माणदेशातला, रेडिओ ऑपरेटर. दोन चौक्यांमध्ये बर्फातून तीन तासांची चाल. कामाशिवाय तिथून उतरायची परवानगी नव्हती, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळचा रिपोर्ट झाला की आमचे सुभेदारसाहेब दोन मिनिटं मुद्दाम बाहेर जायचे. तेवढी दोन मिनिटं आमची.

"उस्ताद, तुमची मराठी हिंदीत भिजवून वाळत घातल्यागत लागतीया. ओव्हर."

"आणि तुझी ऐकून आमच्या बुरहानपुरात लोक भांडण सोडवायला धावतील. ओव्हर."

दिवसभरात मी मनापासून बोलायचो ते एवढंच. मग स्लीपिंग बॅगमध्ये पडून तेच शब्द पुन्हा पुन्हा आठवायचो. बायको-मुलांचा माणूस मी, पण एकटेपणा म्हणजे काय हे मला तिथे कळलं.

खालच्या चौकीच्या थोडं अलीकडे वाट डावीकडे वळायची. सरळ गेलं तर बर्फातली खोल भेग. त्या वळणावर लोखंडी खांबाला एक दिवा होता. व्हाइटआउट झाला, म्हणजे बर्फ आणि आभाळ एकच पांढरं झालं, की भर दिवसाही तो लावावा लागे. दिवा मजबूत होता. ओतीव अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, जाड काच, वर तारेची जाळी, कडेला रबराचं गॅस्केट. थेंबभर पाणी आत जाणार नाही. बनवणाऱ्याने वाऱ्याचा विचार केला होता, बर्फाचा केला होता, फक्त तो उघडणाऱ्या माणसाचा केला नव्हता. कव्हरला सहा बारीक स्क्रू होते. पंख्याखाली टेबलाशी बसलेल्याला ते सोपे. तीन थरांच्या हातमोज्यांत ते बोटांना लागतसुद्धा नाहीत. आमच्या चौकीवरचे दिवेही तसलेच. मला त्याचा फार राग यायचा, आणि मी तो दत्तूला ऐकवायचो.

एके दिवशी आमच्याकडचा एक जवान आजारी पडला. दुपारी बाराला आठ जणांची पार्टी त्याला स्लेजवर बांधून खाली निघाली. दोनच्या पुढे वारा सुटला आणि सगळं पांढरं झालं. रेडिओपाशी मी बसलो होतो. पार्टीचा निरोप आला की वळण जवळ आलंय, आता दिव्याच्या रोखाने चालतो. लगेच मागोमाग दत्तूचा आवाज आला.

"बत्ती गुल झालीया, उस्ताद. जनरेटर चालू हाय. ओव्हर."

मी पार्टीला जागेवर थांबायला सांगितलं. पण उघड्यावर, त्या वाऱ्यात, आजारी माणूस घेऊन किती थांबणार? बल्ब होल्डरमध्ये सैल झाला असणार, खांब थरथरला की असं व्हायचं. कव्हर उघडून तो घट्ट करायला हवा होता. खालच्या चौकीवर त्या वेळी चारच माणसं होती. दत्तू निघाला. कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक बंकरच्या दारात दोघांच्या हातात, छातीला वॉकीटॉकी.

"स्क्रूड्रायव्हर बसंना. ओव्हर."

"मोजे काढू नकोस. फक्त वरचा थर काढ. ओव्हर."

हेच मी आणखी दोनदा सांगितलं.  

"स्क्रू पडलं बर्फात. चार गेलं. ओव्हर."

"दत्तू, मोजे आहेत का हातात? ओव्हर."

"बल्ब बसला. लागला दिवा. पार्टीला सांगा, चला म्हणावं. ओव्हर."

कव्हर मात्र दोन स्क्रूंवर राहीना. गरम बल्बवर बर्फ आला की काच तडकते, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो कव्हर तळहाताने दाबून उभा राहिला. पार्टी तिथे पोचायला पाऊण तास लागला. सगळे आले, आजारी जवानही आला. दत्तूचे हात कव्हरवरून सोडवून घ्यावे लागले.

हेलिकॉप्टर दोन दिवस उडू शकलं नाही. आजारी जवान सावरला. दत्तूच्या फुप्फुसांत पाणी झालं. दुसऱ्या संध्याकाळी त्याने रेडिओ मागितला. तापाच्या भ्रमात असावा.

"दिवा दिसतोय का, उस्ताद? ओव्हर."

माझ्या खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं.

"दिसतोय. चांगला दिसतोय. ओव्हर."

"मग बास," तो म्हणाला. ओव्हर म्हणाला नाही. पहाटे तो गेला.

पेन्शनवर आलो आणि बुरहानपुरात बाहेरच्या दिव्यांचा छोटा कारखाना टाकला. केळीच्या लोडिंग यार्डांत, पॉवरलूमच्या शेडवर, तापीवरच्या राजघाटाच्या वाटेवर माझे दिवे आहेत. बायको गेली, मुलगा इंदूरला. घरी बोलायला कोणी नाही, म्हणून मी कारखान्यातच बसून असतो. कव्हरला बिजागरी आणि बाजूला अख्ख्या तळव्याने दाबता येईल असा खटका, हे माझं डिझाइन. सुटून खाली पडेल असा एकही भाग त्यात नाही. प्रत्येक नमुना मी जाडजूड हातमोजे घालून, डोळे मिटून उघडून बघतो. मे महिन्यातसुद्धा. कामगार मान फिरवून हसतात. हसेनात का.

मागच्या महिन्यात धूलकोट गावचा एक केळीवाला यार्डासाठी दिवे घ्यायला आला. खटका उघडून मिटून बघत म्हणाला, "काका, हा येवढा मोठा कायले लावला? दोन पेच मारून टाका ना सीधे."

"हातमोजे घालून उघडता यावा म्हणून."

"आपल्याकडे दस्ताने कोन घालते? इथं गर्मीत अंगावर बनियान बी नको वाटते!"

तो हसला, मीही हसलो. आणि मग काय झालं कोण जाणे, त्याला मी दत्तूची सगळी हकिकत सांगितली. घरातल्यांनाही कधी सांगितली नव्हती. त्याचा चहा तसाच राहिला.

"दिसायले कसा होता काका तो?" त्याने हळूच विचारलं.

 आभाळ मोकळं झालं तेव्हा दिवा दुरुस्त करायला मला खाली पाठवलं होतं. हेलिपॅडपाशी त्याला स्ट्रेचरवर ठेवलेलं. अख्खा हिवाळा ज्याच्याशी बोललो, त्याला ओळखायला मला छातीवरची नावाची पट्टी वाचावी लागली. आवाजावरून थोराड वाटायचा. निघाला लहान चणीचा, गव्हाळ, ओठांना चिरा पडलेल्या. हात बँडेजमध्ये होते. मी सॅल्यूट केला. मग हेलिकॉप्टर आलं आणि त्याला घेऊन गेलं.

"लहान चणीचा होता," मी म्हटलं. "गव्हाळ."

मी त्याला पाहिलं ते तेवढंच. त्याने मला कधीच पाहिलं नाही.