हौसाक्कांनी दिलेला ताण

हौसाक्का कुणाच्याही घरी गेल्या की आधी कुंडीत बोट खुपसायच्या, मग बसायच्या. बदली होऊन मी आटपाडीला आले त्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या हायड्रेंजियाच्या तिन्ही फुलझाडांची माती चाचपली आणि "लय लाड हायत," असा शेरा मारला. माझ्या शेजारीण. चाळीस वर्षं डाळिंबं पिकवलेली बाई, त्यांच्यापुढं मी काय बोलणार!

एक कुंडी पांढऱ्या तुऱ्यांची, दुसरी चपट्या गुच्छांची. तिसरी आईची. आई गेल्यावर पाचगणीचं घर विकलं, तेव्हा परसातल्या झाडाची फांदी आणून लावलेली. त्या झाडाच्या निळ्याशार गेंदांशेजारी उभी असलेली आई माझ्या भिंतीवरच्या फोटोत होती.

वर्ष झालं तरी एकही फूल आलं नाही. मे महिन्यात प्रशिक्षणासाठी आठ दिवस सांगलीला जाताना मी अक्कांना बजावलं, रोज दोन वेळा पाणी घाला. परतले तर तिन्ही झाडं माना टाकून उभी, आणि अक्का खुशीत. डाळिंबाचा बहर धरताना पाणी तोडतात, तसं त्यांनी तोडलं होतं.

"ताण दिल्याबिगार फूल येतंय व्हय?"

कुंड्या घमेल्यात बुडवल्या, ओली पोती गुंडाळली. दोन दिवस आम्ही दोघी तिथून हललो नाही. दोन झाडांनी पानं उचलली. आईचं उठलं नाही.

"अक्का, तुम्ही माझ्या आईला दुसऱ्यांदा मारलंत," मी म्हणाले. जळली मेली माझी जीभ! त्या उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का घरातून गायब. शेजारच्या म्हसवडच्या पुढं कधी न गेलेली बाई, फोनही घरीच. त्यांचा लेक विहिरी बघत हिंडला, मी दारात बसून राहिले. तिसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्या, हातात ओल्या फडक्यात दोन फांद्या. पाचगणीच्या विकलेल्या घरात पाऊल टाकायचा धीर मला झाला नव्हता. अक्का विचारत विचारत तिथं पोचल्या होत्या.

"आता तुमीच पाणी घाला. मी हात लावत न्हाई."

एक फांदी जगली. पुढं फुललीही, पण गुलाबी. अक्का फोटोकडं बघत राहिल्या. आपल्या बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं रंग बदलतो, झाड तेच आहे, असं मी परोपरीनं सांगितलं. त्या "व्हय, व्हय," म्हणायच्या.

गेल्या वर्षी दवाखान्यात, अक्का वारायच्या आदल्या दिवशी, त्यांनी माझा हात धरला.

"बाई, फोटोत निळं हाय. मी दुसऱ्याचंच झाड आणलं बगा."