पप्पांच्या गाण्यांचा बॅकअप

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, भावापाशी नाही. दरवर्षी ईस्टरच्या आधी कन्फेशनला जाते, फादरांपुढे गुडघे टेकते आणि म्हणते, खोटं बोलले. कुणाशी, कशाबद्दल, ते फादर विचारत नाहीत आणि मी सांगत नाही. ते प्रार्थना म्हणायला सांगतात, मी म्हणते, बाहेर येते, स्कूटर चालू करते. झालं. असं होतं का हो कधी? पाप काय होलसेलमध्ये माफ होतं?

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या पप्पांना ओळखत नाही. ओळखत असता तर सांगायची हिंमत झाली नसती. आणि मध्येच विषय बदलला तर मला परत जागेवर आणा — मला ती सवय आहे. मघापासून दोनदा उठून गॅस बंद आहे का ते बघून आले. बंदच होता.

मी अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. राहायला वसई रोडला, उमेळ्याच्या बाजूला फ्लॅट. माहेर नंदाखालचं. पप्पा हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचे. रिटायर झाल्यावर माणसं वाडीतल्या केळी बघतात, नाहीतर राजकारणावर बोलतात. आमच्या पप्पांनी म्हाताऱ्या बायका शोधायला सुरुवात केली. मम्मी म्हणायची, आयुष्यभर सरळ वागला आणि आता बायकांच्या मागे लागला! पण तीच त्यांना डब्यात नारळाच्या वड्या भरून द्यायची, त्या बायकांसाठी.

कारण असं, की आमच्याकडे लग्नाच्या मांडवात बायका आमच्या घरच्या बोलीत गाणी म्हणतात. म्हणायच्या, असं म्हणायला हवं. ती कुठे छापलेली नाहीत, शिकवायचीही पद्धत नाही, आईच्या मागे उभं राहून मुलगी शिकायची. आणि आम्ही मुली कुठे उभ्या राहिलो? आम्ही इंग्लिश मीडियममध्ये गेलो. पप्पा सायकल काढून या वाडीतून त्या वाडीत जायचे, ओट्यावर मोबाइल ठेवायचे आणि म्हणायचे, म्हणा. पास्कलीन आजी नावाची एक होती, तोंडात एकही दात नाही, पण आवाज असा की समोरची कोंबडी पळावी. गाणं अर्ध्यात तोडून ती सुनेला शिव्या द्यायची आणि बरोबर त्याच ओळीवर परत यायची. पप्पांनी शिव्याही ठेवल्या होत्या. म्हणायचे, त्याही आपल्याच आहेत.

घरी आल्यावर ते सगळं केबल लावून कॉम्प्युटरवर घ्यायचे. मोबाइल भरला की त्यातलं पुसायचे. आणि एकेक कॉपी पेन ड्राइव्हवर. पेन ड्राइव्हवर जखमेला लावायची पट्टी चिकटवून गावाचं नाव — निर्मळ, आगाशी, असं. कपाटात मोज्यांच्या शेजारी ती रांग असायची. मी हसायचे. खूप हसायचे. म्हटलं, पप्पा, हे काय लोणच्यासारखं भरून ठेवलंय? आता जमाना कुठे गेला!

तर बॅकअपचं मी घेतलं माझ्याकडे. कुणी सांगितलं नव्हतं. घरात कॉम्प्युटरमधलं कळणारी मी एकटी — माझा भाऊ विन्सी, त्याला मोबाइलवर क्रिकेट सोडून काही दिसत नाही. मीच ठरवलं, आणि घरच्या कॉम्प्युटरसाठी फुकटातलं चांगलं सॉफ्टवेअर शोधायला बसले. पैसे देऊन घेता आलं असतं. नाही घेतलं. फुकट ते पौष्टिक! एक होतं ते ऑनलाइन ठेवायचं, पण जागा एवढीशी, वर सारखं पैसे भरा, पैसे भरा. एक होतं त्यात महिनाभरानंतर अर्धी बटणं बंद. एक अगदी साधं, जुनाट दिसणारं, रोज ठरल्या वेळी कॉपी काढून बाजूला ठेवायचं, जुन्या कॉप्यांना हात न लावता. ते मला गावठी वाटलं. खरंच, हाच शब्द मनात आला होता.

मी निवडलं ते सिंकवालं. दिसायला छान. डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे एक फोल्डर, मध्ये बाण. दोन्हीकडे सारखंच ठेवणार, आपोआप. लोकांनी त्याबद्दल लिहिलेलं सगळं मी वाचलं. आणि त्यात एकाने लिहिलं होतं की सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, एकीकडे पुसलं की दुसरीकडेही पुसलं जातं, आधी वेगळी कॉपी काढून ठेवा. मी ते वाचलं होतं. मला माहीत नव्हतं असं नाही. मला वाटलं, हे बावळट लोकांसाठी लिहिलंय.

नवी हार्ड डिस्क घेऊन रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर नंदाखालला गेले. आधी पेन ड्राइव्ह रिकामे केले — डुप्लिकेट कशाला? भाच्यांना हवे होते शाळेसाठी, देऊन टाकले. पप्पा दारात उभे होते. म्हणाले, बाय, तेवढे राहू दे की. मी म्हटलं, विश्वास नाही का माझ्यावर? बिचारे वाडीत गेले, केळीला टेकू द्यायचा होता.

आता नीट ऐका, इथे ते खोलीत नव्हते. कॉम्प्युटरजवळ मी एकटी होते.

मी डावीकडे नवी डिस्क ठेवली. रिकामी. उजवीकडे पप्पांचं फोल्डर. आणि बाण डावीकडून उजवीकडे — म्हणजे उजवीकडचं सगळं डावीकडच्यासारखं करा. डावीकडे काही नव्हतं. त्याने विचारलं हो मला! चौकट आली, इतक्या फाइल्स कायमच्या डिलीट होतील, चालेल? आपण कुठली चौकट वाचतो? मी चालेल म्हटलं. कचऱ्याच्या डब्यातही जाऊ नयेत अशी खूण मीच केली होती, जागा वाचावी म्हणून. हिरवी पट्टी सर्रकन पुढे गेली. किती फास्ट आहे बघा, असं मी मोठ्याने बोलले. स्वयंपाकघरातून मम्मीने विचारलं, काय गं? काही नाही, म्हटलं.

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. पप्पांचं फोल्डर उघडून बघितलं, तेही रिकामं. मग मी काय केलं? शांतपणे कॉम्प्युटर बंद करून कुणा जाणकाराकडे न्यायचा ना? मी आणखी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवलं, गेलेलं परत आणणारं, आणि ते उतरवलं कॉम्प्युटरच्या त्याच डिस्कवर, जिथे गाणी होती. जे काही तळाशी उरलं असेल त्याच्यावरच. फाइलींची नावं परत आली. पास्कलीन आजीचं नाव होतं. उघडलं तर आवाज नाही. एकेक उघडून बघितली, कशातच आवाज नाही. ती आजी त्याच्या आदल्या पावसाळ्यातच गेली होती.

पप्पा आले, हात चिखलाने भरलेले. विचारलं, झालं का बाय?

झालं, म्हटलं.

जेवले. मासे तळलेले होते, मी दोन तुकडे मागून घेतले. माणूस कसा जेवू शकतो हो अशा वेळी? मी जेवले.

आठवडाभर वाट बघत राहिले. तेवढ्यात सांगता आलं असतं, रोज सांगता आलं असतं. त्याऐवजी मी एक वाक्य घोटत होते. शनिवारी पप्पांचा फोन आला, फोल्डर उघडत नाही, आत काही दिसत नाही. आणि मी ते वाक्य बोलले — आवाज जरा चढवून, ऑफिसातल्या ज्युनियरवर चढवते तसा. पप्पा! तुम्ही काय दाबलंत?

फोनवर त्यांच्या माऊसची टकटक ऐकू आली. मग म्हणाले, दाबलं असेल काहीतरी. मला आठवत नाही.

आठवणार कसं? केलंच नव्हतं तर आठवणार कसं, सांगा ना! पण त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. आपण एवढी मोठी गोष्ट केली आणि आपल्याला आठवत नाही, असा. मला वाटलं होतं, चार दिवस हळहळतील, विसरतील. माझ्या डोक्यात हे आलंच नाही की ते स्वतःच्या डोक्यावरचाच विश्वास सोडतील. की आलं होतं? माहीत नाही. खोटं नको बोलायला, आता तरी.

ते ज्या ज्या घरी गेले होते तिथे परत गेले, सायकलवर. माफी मागायला. माझ्या हातून तुमच्या आईचा आवाज गेला, असं सांगत. कुणी रागावलं नाही. सर, जाऊ द्या, वय झालं, असं म्हणाले. तेच त्यांना लागलं. मग मम्मी घाबरली. आधी त्यांना गॅसला हात लावू देईना. मग विन्सीने सायकल नेली, परत आणलीच नाही. चर्चमध्ये इतकी वर्षं वाचन करायचे, ते त्यांनी स्वतःहून सोडलं, मध्येच ओळ चुकली तर? मीच त्यांना वसईत डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी! डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. बाहेर आल्यावर पप्पा म्हणतात, चांगला माणूस आहे, मला बरं वाटावं म्हणून बोलला. मी रिक्षा बघत होते. तिथे कुणी नव्हतं, आम्ही दोघंच. रिक्षा आली आणि आम्ही बसलो.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, ते हेच. फरक एवढाच, की इथे संन्यासी स्वतःच सुळीवर चढून बसला आणि चोर खालून त्याला पाणी देतोय. औषधं मी आणते, रविवारी फळं मी आणते. सगळे म्हणतात, मुलगी असावी तर अशी.

आता शेवटचं. हे सांगायचं टाळत होते.

मागच्या महिन्यात विन्सीच्या मुलीचं लग्न झालं. मांडवाच्या दिवशी मुलींना हौस आली, जुनं गाणं म्हणूया. पहिल्या दोन ओळी कुणीतरी कुठूनतरी पाठ करून आणल्या होत्या. दोन ओळी झाल्या आणि सगळं अडलं. नवरीच पळत आली पप्पांकडे, मेंदीचे हात वर धरून. आजोबा, पुढचं सांगा ना! डीजेवाल्यानेही आवाज बंद केला. सगळा मांडव बघत होता.

मी पप्पांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. त्यांचे ओठ हलले. आणि मला काय वाटलं, सांगू? आनंद नाही. माझी पाचावर धारण बसली. कारण पप्पांना सगळं येत असेल, एकही ओळ न चुकता, तर उद्या कुणीतरी म्हणणार, अहो सर, तुमची स्मरणशक्ती तर ठणठणीत आहे, मग तेव्हा तुम्ही नक्की काय दाबलं होतंत? आणि पप्पा विचार करायला लागणार.

मी नवरीचा हात धरला आणि हसत म्हटलं, राहू दे गं, आजोबांना त्रास नको देऊ, त्यांना नाही आठवत आता.

पप्पांनी तोंड मिटलं. माझ्या हातावर थोपटलं, चारचौघांत वेळ निभावून नेल्याबद्दल. डीजेने गाणं लावलं, मुली नाचायला लागल्या.

त्यांना येत होतं. पुढची ओळ त्यांनी सुरूही केली होती, अगदी हळू. मला ऐकू आली.