परक्यांची फळी

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी फेदोस्या अंगणातल्या चुलीपाशी बसून कार्प माशाचे खवले काढत होती. बोट धक्क्याला लागून अर्धा तास होऊन गेला होता. आज एक पाहुणी यायची होती. तिकीटखिडकीवरच्या माणसाने निरोप धाडला होता, ग्रीसहून एक बाई, एकटी, दोन रात्री. नाव विचारायची फेदोस्याला सवय नव्हती. प्रवासी डॅन्यूब नदीच्या मुखावरच्या या सुलिना गावात येतात, जुना दीपस्तंभ बघतात, समुद्राकडच्या कब्रस्तानात जाऊन ग्रीक, तुर्क, ज्यू, इंग्रज, रशियन असे सगळे शेजारीशेजारी पुरलेले बघतात, फोटो काढतात आणि जातात. मधली कुंपणं फोटोत फारशी येत नाहीत.

फेदोस्या चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिच्या स्वयंपाकघरात दोन फळ्या होत्या. देवाच्या कोपऱ्याजवळची घरची, दाराजवळची परक्यांची. जुन्या रीतीच्या लिपोवन, म्हणजे इथल्या रशियन ख्रिस्ती घरांत परक्याच्या तोंडाला लागलेलं भांडं पुन्हा घरचं होत नाही. सहा वर्षांपूर्वी तिने खोली भाड्याने द्यायला सुरुवात केली, तेव्हा प्रार्थनाघरातल्या वडीलधाऱ्यांनी हीच एक अट घातली होती. भांडी एकत्र झाली तर तिने प्रार्थनेला दाराबाहेर उभं राहायचं, आणि मेलेल्यांच्या आठवणीच्या जेवणाला तिच्या शेजारी कोणी बसणार नाही. नवरा लावरेंती गेला होता, मुलगा दर्यात बुडाला होता. ती मेल्यावर अंग धुवायला आणि स्तोत्रं म्हणायला प्रार्थनाघरातल्या नऊ बायका होत्या. दुसरं कोणी नव्हतं.

फाटक वाजलं. चाकांची बॅग ओढत एक बाई आत आली. केस आखूड कापलेले, डोक्यावर रुमाल नाही. ती काही बोलण्याआधीच फेदोस्याने तिला चालीवरून ओळखलं. तिची मुलगी अनिसिया. बावीस वर्षांपूर्वी दुसऱ्या गल्लीतल्या ग्रीक वाण्याच्या मुलाबरोबर, स्तेलिओसबरोबर निघून गेली, त्यांच्या चर्चमध्ये लग्न लावलं. बाप मेला तेव्हा तिला कळवलं नव्हतं.

"आई," अनिसिया म्हणाली.

फेदोस्याने सुरी गवतावर पुसली. "खोली डाव्या हाताला. बूट बाहेर काढा. मासा चालतो ना तुम्हाला?"

"मला तुम्ही म्हणतेस?"

"पाहुण्यांना म्हणते."

जेवण द्राक्षाच्या मांडवाखाली, पाहुण्यांच्या टेबलावर वाढलं. बाजारातल्या फुलाफुलांच्या ताटलीत बोर्श, म्हणजे माशाचा आंबट रस्सा. शेजारची अकुलिना शेपू मागायला म्हणून आली आणि बाकावर बसून राहिली. तिच्या अंगणात कमरेइतका शेपू होता.

अनिसियाने जे सांगायचं ते तिच्यासमोरच सांगितलं. स्तेलिओस हिवाळ्यात गेला. मूलबाळ नाही. तिला कायमचं परत यायचं होतं, कब्रस्तानात बापाच्या कुंपणात जागा हवी होती. वडीलधारे सांगतील तितके उपास, तितके दंडवत करायला ती तयार होती. पण परत आलेल्याला घ्यायचं तर घरच्या माणसाने शब्द टाकावा लागतो. घरचं माणूस आता एकच उरलं होतं. आईने रविवारी प्रार्थनाघरात एवढंच म्हणायचं होतं, ही माझी आहे.

फेदोस्या पाव कापत राहिली.

"ग्रीक मेला तेव्हा देव आठवला," अकुलिना म्हणाली. "थोडं थांबायचं होतंस गं. तुझ्या वयाला अजून एखादा तुर्क मिळाला असता."

अनिसिया उठून आत गेली. कदाचित भांडण नको म्हणून असेल. आत गेल्यावर तिच्या हातांनी तेच केलं जे लहानपणी अंगणातून आल्यावर रोज केलं होतं. बादलीवरचं झाकण सरकवलं, घरच्या फळीवरचा निळा एनॅमलचा पेला घेतला, बुडवला आणि उभ्या उभ्या पाणी प्यायली. तो लावरेंतीचा पेला होता. तो गेल्यापासून फेदोस्यानेसुद्धा त्याला तोंड लावलं नव्हतं.

दोघी बायका दारात येऊन उभ्या होत्या. अनिसियाला कळलं, तेव्हा पेला अर्धा झाला होता.

अकुलिनाने घाई केली नाही. "काय गं फेदोस्या, हा पेला आता कुठल्या फळीवर?"

उत्तर सोपं होतं. ही घरची आहे, एवढं म्हटलं असतं तर पेला घरचाच राहिला असता आणि रविवारची अर्धी बोलणी तिथेच झाली असती. फेदोस्याने मुलीकडे पाहिलं. कानामागे पांढरे झालेले केस, ओली हनुवटी. मग तिने अकुलिनाकडे पाहिलं. मेलेल्याचं अंग धुताना गुडघे आणि बोटं सरळ करायचं काम या गावात अकुलिनाच करायची.

तिने मुलीच्या हातातून पेला काढून घेतला. बादली उचलली, उंबऱ्याबाहेर नेऊन फाटकाबाहेरच्या रस्त्यावर रिकामी केली. परत येऊन पेला परक्यांच्या फळीवर, जर्मन बियरच्या ग्लासांशेजारी ठेवला.

"तो बाबांचा आहे," अनिसिया म्हणाली.

"होता."

"आई, एकदा माझ्याकडे बघ तरी."

"दोन रात्रींचं ठरलं होतं," फेदोस्या म्हणाली. "दुसरी रात्र मला जमणार नाही. दुसरे पाहुणे आहेत."

दुसरे पाहुणे नव्हते. हे तिघींनाही माहीत होतं.

अकुलिना शेपू न घेताच गेली. आठ वाजायच्या आत तीन घरांत हकिकत पोचली, आणि प्रत्येक घरात फेदोस्याचं नाव चांगलं निघालं. फेदोस्याने घरची फळी राखेने घासली, बादली तीनदा धुतली. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपण गुणगुणतोय. रडू येईल असं तिला वाटलं होतं. ते आलं नाही, उलट पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

डाव्या खोलीचं दार थोडं उघडलं. अनिसियाने घरच्या रशियनऐवजी रोमानियनमध्ये, परक्या माणसाला विचारावं तसं विचारलं, सकाळची बोट किती वाजता.

फेदोस्यानेही रोमानियनमध्येच सांगितलं. तुल्चेआ शहराकडे जाणारी बोट सात वाजता सुटते. पाहुण्यांचा नाश्ता सव्वासहाला असतो.