हात आधी पदराकडे गेले

हे आजपर्यंत माझ्या तोंडातून निघालेलं नाही. देवापुढेसुद्धा नाही — हात जोडते आणि दुसरंच काहीतरी मागून उठते. तशी मी चार माणसांत बोलतच नाही. चौथीनंतर शाळा सुटली, वाचायची सवय मात्र राहिली. भज्यांचा कागदही वाचून मगच टाकते. म्हणून लिहिता येतं. तुम्ही समोर नाही आहात, म्हणून जमेल असं वाटतं.

आधी मानसीचं सांगते. मानसी माझी मुलगी. बारावीनंतर तिने पॅरामेडिकची डिग्री घ्यायची ठरवली. म्हणजे डॉक्टर नाही, नर्स नाही — कुणाला अपघात झाला, झटका आला, की अँब्युलन्समधून जो आधी पोचतो तो माणूस. तिचे वडील नाही म्हणाले. मुलीच्या जातीने गाडीतून फिरायचं, कुणालाही उचलायचं, हे काय काम आहे? तेव्हा ओटीवरून मामा बोलले. मामा म्हणजे माझे सासरे.

"शिकू दे रं पोरीला. उद्या मना काय झाला तं हीच धावत येल."

त्यांच्यापुढे कुणी बोलत नसे. मानसी कॉलेजात गेली.

घरी सरावाला तिला माणूस लागायचा. ती मी. माझ्या हाताला फळी बांधायची, मानेला पट्टा लावायची, भाजी चिरता चिरता माझं बीपी घ्यायची. म्हणायची, "मम्मी, तू बेस्ट पेशंट आहेस. हूं नाही की चूं नाही." मग तिला वाटलं, मलाही काहीतरी यायला हवं. जमिनीवर लोड टाकला आणि बंद पडलेली छाती कशी दाबायची ते शिकवलं. तळहातावर तळहात, कोपरं ताठ, सगळा भार वरून.

"जोर लाव ना. भाकरीचं पीठ मळतेस तसा."

"बरगडी मोडली तर?"

"मोडू दे. बरगडी जुळते. अँब्युलन्स येईपर्यंत थांबायचं नाही, बस."

मी विचारलं, परक्या बाप्याला असा हात लावायचा? ती हसली. "अगं, पडलेल्या माणसाला बाई-बाप्या, सासरा-बिसरा काही नसतं. पेशंट असतो." ओटीवर मामा खाकरले, तशा आम्ही दोघी आवाज खाली आणून हसलो.

मी शिकले. चांगली शिकले. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे धरून ठेवा — मला येत होतं.

आमच्याकडे, बाळकुमच्या जुन्या घरांत, सून सासऱ्याला हात लावत नाही. चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, तरी आमच्या ओटीवर ते तसंच होतं. चहा कठड्यावर ठेवायचा, तो त्यांनी उचलायचा. सणाला पाया पडायचं तेही लांबून, जमिनीला हात लावून. डोक्यावर पदर. मला कुणी जबरदस्ती केली होती का? नाही. मामा तर कधी काही म्हणाले नाहीत. मलाच ते सोयीचं होतं. लाजऱ्या बाईला रीत म्हणजे आडोसा.

तर ती दुपार. घरात आम्ही दोघंच. मामा ओटीवरच्या झोपाळ्यावर उघड्या अंगाने बसलेले, खांद्यावर टॉवेल. कड्यांची करकर एकदम अडखळली म्हणून मी डोकावले. ते खाली उताणे पडले होते. छाती हलत नव्हती. मानसीने सांगितलेलं सगळं मला आठवलं, ओळीने आठवलं. हात उचललेही गेले — आणि त्याच हातांनी पदर डोक्यावर घेतला.

तिथेच थांबले मी.

नाही, फोन केला. ह्यांना केला. हे म्हणाले, "मी अँब्युलन्स बोलावतो, तू छाती दाबत राहा, शिकवलंय ना मानसीने?" मी हो म्हटलं. आणि उंबऱ्याच्या आत बसून राहिले. शेजारी हाक मारता आली असती. का नाही मारली? कुणी आलं असतं तर मला नुसतं बसलेलं बघितलं असतं, म्हणून? की त्या उघड्या छातीवर हात ठेवताना बघितलं असतं, म्हणून? मला खरंच सांगता येत नाही. झोपाळा थोडा वेळ हलत होता, मग तोही थांबला.

अँब्युलन्समधून उतरलेल्या बाईने विचारलं, "ताई, छाती दाबली का कुणी?" मी मान हलवली. खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नाही.

हॉस्पिटलात म्हणाले, गेलेत.

सुतकाच्या दिवसांत भावकीच्या बायका माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघत होत्या. चुलतसासू कधी कुणाचं चांगलं बोलत नाहीत. त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "रीत बाजूला ठेवली हिनं. जिवाचं रान केलं." मी खाली बघत राहिले. त्यांना तो माझा साधेपणा वाटला.

हे सगळं एक वेळ बाजूला ठेवलं असतं मी. पण मानसी — तिचं जेवण तुटलं. एका संध्याकाळी तिने माझ्यापुढे तोच लोड टाकला. "दाखव, कसं केलंस ते." मी दाखवलं. ती हात बघत होती, कोपरं बघत होती. तिला काही चूक सापडेना.

"मग मीच काहीतरी चुकीचं शिकवलं का गं?"

तेव्हा बोलायचं होतं. एक वाक्य होतं. मी म्हटलं, "त्यांची वेळ आली होती, चल, भात निवतोय."

तिने कॉलेज सोडलं. कॉलेजची बॅग कपाटावर टाकली, आपल्याला हे काम जमणार नाही म्हणाली. मी रोज त्या बॅगेखालून कपडे काढत होते. शेवटी तिच्या मॅडम घरी आल्या, समजावून तिला परत घेऊन गेल्या. मी त्यांना चहा दिला. दुसरं काही नाही.

आता ती डोंबिवलीकडे अँब्युलन्सवर असते. कुणी वाचलं नाही की घरचे विचारतात, आमचं काही चुकलं का? ती त्यांना सांगते, माझ्या आईने सगळं बरोबर केलं होतं, तरी माझे आजोबा गेले. माणसं शांत होतात म्हणे. हे ती मला जेवताना सांगते. मी तिला वाढते.

मध्यंतरी वर्तकनगरच्या एका महिला मंडळात तिने मला नेलं. सगळ्यांना सांगितलं, ही माझी आई, चौथी शिकलेली, हिने करून दाखवलंय. मग मला पुढे बोलावलं. सतरंजीवर रबराची बाहुली होती, नुसतं धड आणि डोकं. दाब पुरेसा पडला तर तिच्यातून टक् असा आवाज येतो, कमी पडला तर येत नाही.

मी पदर कमरेला खोचला, गुडघ्यावर बसले आणि दाबायला लागले. एवढ्या बायका बघत होत्या.

आवाज आला. प्रत्येक वेळी आला.