बिरागोची पेजेची मडकी

भिंतीपलीकडचं ते भांडण सहज कानावर पडलं, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. खरं सांगायचं तर उकडलेल्या कसाव्याच्या कंदांचा फुफू कांडायचं मुसळ मी हातात तसंच धरून ठेवलं होतं. आवाज झाला असता तर पुढचं ऐकू आलं नसतं.

पलीकडे माझी शेजारीण बिरागो आणि तिचा थोरला न्यार्को होते. आई कुंभारीण, लेक ओतारी. ती मातीची मडकी करायची आणि तो भंगारातल्या गाड्यांचे तुकडे वितळवून चकचकीत भांडी ओतायचा.

"त्या मुशीत आज काय घातलंस?" बिरागो विचारत होती.

"लॉरीला जे नको झालं ते सगळं."

"जुन्या बॅटऱ्यांतलं शिसंसुद्धा?"

"गेलं असेल थोडंफार. आगीत सगळं शुद्ध होतं, आई."

"आगीत पाणी जातं. बाकीचं तिथंच राहतं. चाळीस वर्षं आवा लावतेय मी, मला आग शिकवू नकोस."

"तुझी मडकी कुणी घेईनासं झालं म्हणून जळतेस तू."

"जळायला मला तुझी भट्टी कशाला रे? मी उन्हात बसले तरी पुरे. पण त्या भांड्यांत माणसं रांधतात."

मग पलीकडे भट्टीचा भाता सुरू झाला. मीही मुसळ खाली आणलं आणि कांडायला लागले. पुढच्याच महिन्यात माझ्या लेकीच्या, अन्साच्या लग्नासाठी न्यार्कोकडूनच सात भांडी घेतली.

आमच्याकडे नवरीची भांडी एकावर एक रचून दारात मांडतात. मोठं खाली, धाकटं वर. येणारी बाई आधी नवरीकडे बघत नाही, त्या उतरंडीकडे बघते. तिथं काळं मडकं कोण मांडणार? बिरागोने आहेर म्हणून पेजेचं मडकं आणलं होतं. "आंबट असेल ते यात ठेव," एवढंच म्हणाली. "म्हातारीचा आहेर," म्हणून मी चार बायकांत हसले आणि ते मडकं खुराड्यावर नेऊन ठेवलं. त्यात मुंग्यांनी संसार थाटला.

बिरागो बोलायची कमी. आमच्याकडे चाक नाही. मडकं जागेवर राहतं आणि बाईच वाकून उलट्या पावलांनी त्याच्याभोवती फिरते. जन्मभर तशी फिरून तिची पाठ विळ्यासारखी झाली होती. गुरुवारी जमिनीला विसावा, त्या दिवशी माती खणायची नाही. म्हणून गुरुवारी ती टोपलं डोक्यावर घेऊन मडकी पोचवायची. दारात बोटाच्या पेराने मडकं वाजवायची, कान लावायची, नाद खोटा आला तर देणं नाही. परत घेऊन जायची.

अन्सा पोटासाठी शहरात गेली. तिची भांडी आणि तिची लेक फोसुआ माझ्याकडे राहिली. मक्याची आंबट पेज मी रात्रीच करून ठेवायची, त्या ओतीव भांड्यात. सकाळी पोरीला पाजायची आणि मग भांडं वाळूने घासायची, माझं तोंड त्यात दिसेपर्यंत. माझ्या तोंडात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी बघायची. घासलेलं जातं कुठं, हा प्रश्न मला पडला नाही.

फोसुआ चार वर्षांची झाली तेव्हा तिचं पोट दुखायला लागलं. मग ती गप्प झाली. कोंबडीला कोंबडी म्हणणारी पोर नुसतं बोट दाखवायला लागली. दवाखान्यातल्या नर्सबाईने रक्त शहरात पाठवलं. उत्तर आलं, शिसं. ते ऐकताच भिंतीपलीकडचा शब्दन्‌ शब्द मला आठवला.

नर्सबाई घरी आली. "आजी, पोरीची पेज कशात करता, ते दाखवा."

हे लिहिताना अजून हात थांबतो. ती येणार हे मला आदल्या दिवशीच कळलं होतं. सातही भांडी मी खाटेखाली ढकलली होती, वर चटई टाकली होती. खुराड्यावरचं मडकं मुंग्या झाडून चुलीवर मांडलं होतं. "यातच करते," मी म्हणाले. न्यार्कोला वाचवायला नव्हे. ऐकून-सवरून नातीला विष पाजलं, हे कुणाला कळू नये म्हणून.

नर्सबाई मडकं तपासायला घेऊन गेली. दोन दिवसांत गावभर झालं की बिरागोच्या मातीत विष आहे. त्या गुरुवारी तिचं टोपलं भरलेलं गेलं आणि भरलेलंच परत आलं. वाटेत ती माझ्या दारात थांबली. फोसुआच्या डोक्यावर हात ठेवला.

"ते मडकं खुराड्यावर होतं ना गं?"

मी दारातल्या कोंबड्या हाकायला लागले.

"माझ्या मडक्यांचं राहू दे," ती म्हणाली. "पण त्या बाईला खोटं कळलं, तर ती पोरीला बरं कसं करणार? पेज अजून त्याच भांड्यात आहे ना?"

होती. त्या सकाळचीसुद्धा. नवं भांडं आणलं असतं तर गल्लीने कारण विचारलं असतं.

पेज मी उकिरड्यावर ओतली, सातही भांडी एका कापडात बांधली आणि तशीच दवाखान्यात गेले. रांगेत वीसेक बायका होत्या, निम्म्या माझ्याच गल्लीतल्या. नर्सबाई म्हणाली, "आत चला, आजी." मी म्हटलं, नको, खोटं गावभर गेलंय, खरंही इथूनच जाऊ दे. कापड सोडलं आणि सगळं सांगितलं. भांडणसुद्धा. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. एक बाई तेवढी पुटपुटली, "माझ्याकडेही त्यातलीच पाच आहेत."

न्यार्को वर्षभर माझ्याशी बोलला नाही. आता तो दाराच्या कड्या ओततो. फोसुआचं रक्त हळूहळू निवळलं. पोट दुखायचं थांबलं, ओठांवर 'कोंबडी' परत आली. पण शाळेत ती अजून मागे असते. एकच गोष्ट तिला दोनदा सांगावी लागते. मी दोनदा सांगते. तेवढं तर मी तिचं देणं लागतेच.

आता माझी पेज बिरागोच्या मडक्यात व्हायची, आणि मातीचं मडकं फुटायचंच. फुटलं की बिरागोला कसं कळायचं कोण जाणे, पुढच्या गुरुवारी नवीन यायचं. मी कित्येकदा "बिरागो, त्या वेळी मी" एवढं म्हणाले. प्रत्येक वेळी तिने मडकं वाजवायला घेतलं.

यंदा कापणीनंतरच्या शनिवारी ती झोपेतच गेली. आदल्या गुरुवारी आली होती. टोपलं उतरवलं, मडकं काढलं, पेराने वाजवून कान लावला. नाद तिला पटला. मग दाराशी ते पालथं ठेवलं.

"आधी कसाव्याची सालं घालून पाणी उकळ. लगेच पेज टाकू नकोस."

"माहीत आहे गं," मी म्हटलं.

"तुला माहीत असतं," ती म्हणाली, "म्हणूनच सांगते."

आणि रिकामं टोपलं डोक्यावर ठेवून पुढच्या घराकडे न वळता, उन्हातून आपल्या अंगणात गेली.