डबा नळापाशी ठेवून जा

पहिल्यांदा आले ते तिघं होते. सकाळची बांग होऊन गेली होती, मी ओट्यापाशी चपात्या लाटत होते, आणि मागचा नळ वाहताना ऐकू आला. आम्ही ओमानच्या किनाऱ्यावर, खाबुऱ्यात राहतो. हे, म्हणजे माझे यजमान, मूळचे देवगडकडचे आणि इथल्या बर्फाच्या कारखान्यात मुख्य मेकॅनिक. कारखाना समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि त्याच्या पाठीला आमचं दोन खोल्यांचं क्वार्टर. मच्छीमार लाद्या न्यायला पुढच्या बाजूने येतात, मागच्या नळावर कोणी फिरकत नाही. म्हणून मी हातातलं लाटणं घेऊनच बाहेर गेले. चोर असते तर लाटण्याने काय होणार होतं कोण जाणे.

तिघंही छातीपर्यंत भिजलेले आणि अनवाणी. ओंजळीने पाणी पीत होते ते थांबतच नव्हते. त्यातल्या एकाची टाच फाटली होती. पस्तिशीचा असेल. त्याने मला पाहिलं आणि विचारलं, "आंटी, यह दुबई है ना?"

"नहीं, ओमान है," मी म्हटलं.

तो तिथेच चिखलात खाली बसला. समुद्रापलीकडून निघालेल्या लाँचने त्यांना छातीभर पाण्यात उतरवलं होतं, समोरचे दिवे दुबईचे आहेत असं सांगून. मला आधी हसू आलं आणि मग हसू आल्याची लाज वाटली.

मी काही दयाळू बाई नाही. गिरगावात वाढले, दारात आलेल्याला "पुढे जा बाबा" म्हणायला मला कधी जड गेलं नाही. पण ही माणसं काही मागतच नव्हती. मसुराची उसळ झालेली होती, चपात्या तव्यावर होत्या. बसून खा म्हटलं तर त्यांना थांबायचं नव्हतं. उजाडलं की रस्त्यावर पोलिसांची गाडी फिरते, त्याआधी त्यांना खजुरीच्या बागांत शिरायचं होतं. म्हणजे बरोबर बांधून देणं आलं.

इथे माझी चूक झाली आणि ती आमच्याकडच्या बाईकडूनच व्हावी अशी होती. दुसऱ्या कोणी पाव पिशवीत घालून दिले असते आणि दार लावलं असतं. उसळ प्लॅस्टिकच्या पिशवीत द्यायला माझा हात होईना. मी फळीवरचा कडीचा डबा काढला, माझ्या आईचा, वर तिचं नाव घातलेला. खाली उसळ, वर चपात्या, कडेला लिंबाचं लोणचं. आणि डबा हातात देताना शेजारणीला सांगावं तसं सांगितलं, "डब्बा नल के पास रखके जाना. मेरी माँ का है."

दुसऱ्या दिवशी डबा नळापाशी होता. वाळूने घासून असा लख्ख केलेला की मी कधी केला नसेन. मला आनंद झाला. माणसांचं काय झालं हा विचार नंतर आला, डब्याचा आधी.

समुद्र निवला की त्या दिवसांत लाँची येतात हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आठवड्याने आणखी दोघं आले, मग पाच, मग दहा दिवस कोणीच नाही. बागांत लपून राहिलेलेही अधूनमधून पाण्याला येत. मी कणीक जास्त भिजवू लागले. कोण, कुठला, पुढे कुठे जाणार, हे विचारायचं नाही हे माझं मीच ठरवलं होतं. डबा द्यायचा आणि तो परत ठेवायला सांगायचं, एवढाच आमचा व्यवहार.

हे कुरकुरू लागले. घरात ह्यांची मालवणी सुटते, रागावले की जास्तच. "तू खानावळ घातलंस काय? गूळ थंय मुंगळे. आज दोन इले, उद्या होडी भरून येतले."

"मग नळाला कुलूप घाला तुमच्या," मी म्हणायची. "माणूस तहानलेला आहे हे समुद्रावरूनच ओळखून पाणी बंद करत जा."

"पानी येगळा नि जेवान येगळा."

ह्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं नाही. पकडले गेलो असतो तर ह्यांची नोकरी, आमचा व्हिसा, मुलीचं पुण्यातलं शिक्षण, सगळं एका उसळीपायी गेलं असतं. एकदा कारखान्याचे मालक आले. वयस्क माणूस, आम्ही सगळे त्यांना अर्बाब म्हणतो. बलुच घराण्यातले, त्यामुळे हिंदी चांगलं बोलतात. त्यांनी नळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "सिस्टर, पानी पिलाना सवाब है. मेरा बाप भी पिलाता था. लेकिन पुलिस आएगा तो मेरा नाम पूछेगा." सवाब म्हणजे पुण्य. बंद कर असं म्हणाले नाहीत. चालू ठेव असंही नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी मस्कतला गेले, मदिनत सुलतान काबूसमध्ये एका मैत्रिणीकडे. वाण लुटून झालं, तिळाच्या वड्या फिरल्या, आणि मी बोलून गेले. मग काय, विषयच मिळाला. एक म्हणाली, तुझं मन मोठं गं. दुसरी म्हणाली, मन मोठं वगैरे ठीक आहे, पण अशानेच येतात ते, आपण नाही का रांगेत उभं राहून, मेडिकल करून, व्हिसा घेऊन आलो? ती म्हणाली ते खरं होतं. मीही तशीच आले होते. तिसरी म्हणाली, उपाशी माणसाला काय व्हिसा विचारून वाढायचं? तिचंही खरं होतं. दोघींचं पटत होतं आणि दोघींचा रागही येत होता, कारण दोघींपैकी एकीलाही पहाटे कणीक भिजवायची नव्हती.

मैत्रिणीची मुलगी, आठवीतली, हातातला फोन खाली ठेवून म्हणाली, "मावशी, पण तू फूड नाही दिलं, तर ते लोक नाही येणार?"

"काय माहीत," मी म्हटलं.

"सो, तू एकदा ट्राय करून बघ ना."

सगळ्या हसल्या. मीही हसले.

ह्याच्या थोडं आधी माझा डबा गेला होता. तो फाटक्या टाचेचा माणूस बागेत काम मिळवून राहिला होता, मधूनमधून नळावर यायचा. एक दिवस मी त्याला भात आणि सुकटीचं कालवण दिलं आणि डबा परत आला नाही. आठ दिवसांनी बागेतल्या दुसऱ्या एकाने सांगितलं की त्याला पकडून, तुरुंगात ठेवून परत पाठवलंय. मला फार राग आला. त्याच्यावर नाही, डब्यावरून. आई जाऊन चार वर्षं झाली होती, तिचं नाव असलेली एवढी एकच वस्तू मी इकडे आणली होती. मी ह्यांना म्हटलं, आता त्या तुरुंगात माझ्या आईच्या डब्यात कोणीतरी दाढीचं पाणी घेत असेल. हे म्हणाले, "बरां झालां. आता तरी थांबतलंस." मी थांबले नाही, दुसरा डबा काढला. त्यावर नाव नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला एक दिवस पहाटेपासून मासळी धक्क्याकडे गाड्या जात होत्या. आमच्या कारखान्यापासून धक्क्याची दगडी भिंत दिसते. मला वाटलं, कोणाची होडी उलटली असेल. हे चौकशीला गेले. ते परत यायच्या आत मागचा नळ वाजला.

एकटाच होता. थरथरत होता, पाणीही पीत नव्हता, नुसता नळ सोडून उभा. पाठीला बांधलेलं बोचकं त्याने सोडलं आणि माझ्या आईचा डबा पुढे केला. कडी घट्ट लावलेली.

"आप ही आंटी हैं? यह मेरे जीजा ने दिया है."

मी डबा घेतला. त्याचा जीजा म्हणजे तो टाचेचा माणूस. परत पाठवल्यावर तो घरी गेला, डबा घेऊनच. उन्हाळ्याच्या आत पुन्हा निघायचं त्याचं ठरलेलं होतं, ह्या वेळी मेव्हण्याला घेऊन. मी विचारलं, तो कुठाय?

तो मेव्हणा सरळ सांगत गेला, कोणाला तरी पत्ता सांगावा तसा. लाँचमध्ये ते अकरा जण होते. लाँचवाला त्यांना किनाऱ्याने आणखी वर, मोकळ्या वाळूवर उतरवणार होता, तिथे पाणी उथळ असतं. जीजा ऐकेना. म्हणाला, आम्हाला बर्फाच्या कारखान्यासमोर उतरव, तिथे आंटी आहे, जेवण मिळतं, आणि तिचा डबा द्यायचाय, तिच्या आईचा आहे. बाकीच्यांनाही जेवणाचं नाव ऐकून तेच हवं झालं. लाँच भिंतीच्या अंगाला आली, लाटेने दगडावर गेली. वर आलेले त्याने मोजले होते, सात. जीजाला पोहता येत नव्हतं.

तेव्हा मला काय वाटलं असं पुढे ह्यांनी विचारलं. काहीच वाटलं नाही. मी मेव्हण्याला एकच विचारलं. "मैं खाना नहीं देती, तो तुम लोग नहीं आते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला प्रश्नच कळला नसावा असं आधी वाटलं. "आते तो ज़रूर, आंटी," तो म्हणाला. "यहाँ नहीं उतरते."

मी त्याला आत घेऊन जेवायला वाढलं. नळावर आलेल्यांपैकी घरात बसून जेवलेला तो पहिलाच. लोणचं आणखी हवं का, असंही मी विचारलं. तो हो म्हणाला. मग तो बागांकडे निघून गेला आणि मला पुन्हा कधी दिसला नाही.

तो गेल्यावर मी डबा उघडला. गव्हाच्या पिठाचे लाडू होते. त्या टाचेवाल्याच्या बायकोने केलेले, रिकामा डबा परत कसा द्यायचा म्हणून. कडीच्या डब्यात समुद्राचं पाणी शिरलं नव्हतं. मी एक लाडू खाल्ला. तूप चांगलं होतं.

हे दुपारी आले. चार प्रेतं काढली होती. ह्यांना मी सगळं सांगितलं आणि वाटलं, आता "मी सांगत होतो" म्हणतील. म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी एक पोलीस अधिकारी येऊन सगळ्यांना विचारून गेला, अगदी सभ्यपणे. आम्ही काही पाहिलं नाही असं सांगितलं. तो म्हणाला, पाणी द्या, पण आम्हाला फोन करा. अर्बाब म्हणाले, "खलास, सिस्टर. बस."

मी थांबले. ह्यांच्यासाठी नाही, व्हिसासाठीही नाही. मी वाढलेल्या जेवणाने चार माणसं त्या दगडांवर आणली होती, आता न वाढण्याने कोणी मरणार नाही असं मला वाटलं. हा हिशेब मला तेव्हा बरोबर वाटला होता. मागचं दार बंद, स्वयंपाकघराच्या खिडकीला जाड कागद लावला, कणीक दोघांपुरती. नळ तेवढा चालू ठेवला.

पुढच्या हिवाळ्यात समुद्र निवला आणि ते आले. कमी नाही. खिडकीला कागद असला तरी नळ ऐकू येतो, आणि उजाडल्यावर चिखलात पावलं दिसतात. आदल्या वर्षीइतकीच होती, कधी दोघांची, कधी पाचांची. त्यांच्यासाठी इथे काही शिजत नाही हे तिकडे कोणी सांगितलं असेल किंवा नसेल. समोर दिवे दिसतात तिथे लाँच येते, एवढंच असावं. मला हे कळल्यावर पुन्हा दार उघडायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला पहाटे उठून काही करावंसंच वाटेना. चहा उकळून आटून जायचा आणि मी बघत उभी असायची.

ह्या वर्षी जानेवारीत एकदा कागदाच्या पलीकडून आवाज आला, "आंटी?" कोणीतरी सांगून ठेवलेलं असणार. माझ्या पुढ्यात तव्यावरून उतरवलेल्या सहा चपात्या होत्या. दोघांपुरतीच कणीक घ्यायची ठरवूनही हात कधीकधी जास्त घेतो. "आंटी, कुछ है?" तो म्हणाला. मी गॅस बंद केला, फुरफुर ऐकू जाऊ नये म्हणून. तो पाणी प्यायला, थोडा थांबला, दारावर बोटांनी एकदाच वाजवलं, हळू, कोणाला त्रास होऊ नये तसं. दार आणि मी ह्यांच्यात तीन पावलं होती. मग वाळूवर चपला नसलेल्या पायांचा आवाज दूर गेला. त्याला मी बोलावलं नव्हतं, तरी तो आला होता, आणि उपाशी गेला.

उरलेल्या चपात्यांचा मी संध्याकाळी कुस्करा केला. ह्यांनी दोनदा घेतला. ताट उचलताना हे थांबले आणि मागच्या दाराकडे बघत म्हणाले, "आज कोण इल्लो काय?"

"नाही," मी म्हटलं. "कोणी नाही."