जांभळ्या उजेडातला कढीपत्ता

काका कुणाच्याही घरी गेले तरी आधी बसायचे नाहीत. चपला दाराशी, जॅकेट खुर्चीवर, आणि स्वारी सरळ खिडकीतल्या कुंडीपाशी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत खुपसायचं, डोळे मिटून क्षणभर थांबायचं आणि निकाल द्यायचा. "चिखल केलायस. पाणी बंद." मग हात धुऊन झाल्यावर, "हं, तू कशी आहेस?" मला सुरुवातीला रागच यायचा. अहो, मी इथे चहा टाकून उभी आहे, जरा माझ्याकडेही बघा की!

ख्राइस्टचर्चला आमच्या रस्त्याच्या टोकाला ते आणि काकू राहायचे. मूळचे पुण्याचे. इथल्या मोठ्या भूकंपानंतर घरांच्या भेगा तपासायला इंजिनीयर म्हणून आले आणि इथलेच झाले. मी शिकायला आलेली, मग नोकरीला लागलेली, एकटी. परदेशात राहिला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल, आपल्या प्रत्येक घरात कढीपत्त्याची एक कुंडी असते आणि ती कायम शेवटच्या घटका मोजत असते. दुकानातल्या फ्रोजन पानांना वास नसतो, म्हणून जो तो घरात लावतो, आणि पानं पिवळी पडली की रडवेला होतो. मग काकांना फोन.

नवशिक्यांच्या चुका त्यांना तोंडपाठ होत्या. पहिली म्हणजे दक्षिणेची खिडकी. ऊन दक्षिणेकडून येतं हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं असतं की इथे सूर्य उत्तरेकडून फिरतो हे लक्षातच येत नाही. मीही कुंडी तिथेच ठेवली होती. "अगं, देश बदललास, आता सूर्यही बदल," असं म्हणत त्यांनी ती स्वतः उचलून उत्तरेच्या खिडकीत नेली. दुसरी चूक ताकाची. आईनं फोनवर सांगितलं म्हणून मी कुंडीत आंबट ताक ओतलं. घरभर आंबूस वास आणि चिलटांचा थवा! काका नाक धरून म्हणाले, "पुण्यात अंगणात ठीक आहे. इथे बंद खोलीत त्याची कढी होते."

त्यांचे नियम दोनच. पिवळं पान दिसलं की लगेच धावपळ करायची नाही. पाणी थांबवायचं आणि आठवडाभर हात बांधून बसायचं. दुसरा नियम हिवाळ्यासाठी होता. इथे हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून बरेच जण कुंडीवर झाडांसाठीचा तो जांभळा दिवा लावतात. त्या उजेडात हिरवं काय नि पिवळं काय, सगळं काळपट दिसतं. "दिव्याखाली पान बघू नकोस," काका ओरडायचे, "उजेडात आण आधी!"

काकांच्या गॅरेजच्या दाराखालून तो जांभळा उजेड बाहेर यायचा, त्याचा एक किस्सा आहे. एका संध्याकाळी शेजारचा किवी, म्हणजे इथलाच माणूस, दबकत आला. "काय मेट, तुम्हीही का?" म्हणाला, आणि स्वतःच्या कपाटातल्या 'टोमॅटो'चा फोटो दाखवला. पानं पिवळी पडत होती. काकांनी चष्मा वर केला, फोटो न्याहाळला. टोमॅटोला पाच बोटांची, करवतीसारख्या कडांची पानं येत नाहीत हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. "हा टोमॅटो मी लहानपणी महादेवाच्या देवळामागे खूप बघितलाय," ते मला मराठीत म्हणाले, आणि त्याला इंग्रजीत एवढंच, "पाणी कमी घाल, आणि पोलिसांना घरी बोलावू नकोस." तो "स्वीट ॲज!", म्हणजे एकदम झकास, म्हणत खूश होऊन गेला. आम्ही किती हसलो होतो त्या दिवशी!

त्या वर्षी एप्रिलमध्ये काकू मुलीच्या बाळंतपणाला सिडनीला गेल्या. त्यांचा कढीपत्ता म्हणजे त्यांचा जीव की प्राण. हातभर रोपाचं छातीइतकं झाड केलं होतं बाईनं, आणि रस्त्यातल्या निम्म्या घरांची फोडणी त्याच्यावर चालायची. निघताना काकांना बजावलं, "मी येईन तेव्हा हे असंच दिसलं पाहिजे."

मे महिन्यात, इथल्या हिवाळ्याच्या तोंडाशी, थंडी पडली आणि झाडाची खालची पानं पिवळी झाली. थंडीत होतंच असं. दुसऱ्या कुणाचं झाड असतं तर काका हात बांधून बसले असते. पण काकूंच्या झाडापुढे त्यांचं सगळं शास्त्र पळालं. रोज पाणी काय, खत काय, शेजारी हीटर काय! एकदा तर मी त्यांच्या हातात चक्क ताकाचं पातेलं पकडलं. "काका, तुम्ही?" तर ओशाळून म्हणाले, "अगं, ती येईपर्यंत सुधारायला पाहिजे गं."

शेवटी झाड गॅरेजमध्ये जांभळ्या दिव्याखाली आलं. काकूंचा व्हिडिओ कॉल आला की काका तिथूनच घ्यायचे. पिवळेपणा लपायचा ना! "बघ, कसं आहे तुझं लेकरू," म्हणून कॅमेरा फिरवायचे आणि मला डोळा मारायचे. काकू वैतागायच्या. "अहो, बाहेर या ना जरा. भुतासारखे दिसताय." काका म्हणायचे, "वायफाय इथेच चांगलं येतं."

काका नुकतेच निवृत्त झालेले, त्यामुळे दिवसा कुणाच्या दृष्टीस पडत नव्हते. मी कामावरून सुटेपर्यंत अंधारलेलं असायचं. गॅरेजमध्ये दोन फोल्डिंगच्या खुर्च्या, चहा आणि ते झाड. ते सारखे हात खाजवायचे. खतानं खाज येते म्हणायचे. पँट ढगळ झाली होती. काकू घरी नाहीत तर जेवण जात नाही म्हणायचे. मी डॉक्टरांचं नाव काढलं की एकच उत्तर, "बघू आठवडाभर." आणि पुन्हा एक पान वळवून बघायचे. मीही बघायचे. आम्ही दोघं पानांकडेच बघत होतो हो!

पुढचं मला काकूंनी सांगितलं. त्या परतल्या त्या दिवशी विमानतळाबाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं. काका हसत ट्रॉली घ्यायला पुढे आले आणि काकूंनी ती वाटेतच सोडली. "अहो, इकडे बघा. डोळे बघू तुमचे." काकांना वाटलं, आपली लबाडी हिला समजली. ते घाईघाईनं म्हणाले, "सांगणारच होतो तुला. थोडी पिवळी पडलीत पानं, पण जगेल झाड." काकूंनी त्यांना घरी आणलंच नाही. तिथून थेट हॉस्पिटल.

कावीळ होती, पण ती नुसती वरची खूण. आत स्वादुपिंडात गाठ होती, आणि ती वाढली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर कळलं असतं तरी काय झालं असतं ते सांगता येत नाही. आमच्या समाधानासाठी बोलले असतील. माझं समाधान काही होत नाही. एकदा, फक्त एकदा, कुणीतरी त्यांना दुपारी अंगणात बोलवायला हवं होतं.

हॉस्पिटलमध्ये मी भेटायला गेले की ते झाडाचं विचारायचे. एकदा खोटं न बोलता सांगता आलं, "काका, नवी पालवी फुटलीय." क्षीण आवाजात म्हणाले, "आता पाणी घालू नका." सप्टेंबरमध्ये, इथला वसंत ऋतू सुरू होता होता ते गेले.

झाड आता काकूंच्या बैठकीत उत्तरेच्या खिडकीत आहे, हिरवंगार. गॅरेजमधला दिवा काकूंनी काढून टाकला. शेजारचा किवी न सांगता त्यांच्या अंगणातलं गवत कापून जातो.

परवा गेले होते. चपला काढून सवयीनं कुंडीकडे वळले, तर काकूंनी दंड धरला आणि मला खिडकीत उन्हात उभं केलं. हनुवटी वर केली. खालची पापणी अंगठ्यानं ओढून एक डोळा बघितला, मग दुसरा. हल्ली घरात येणाऱ्या प्रत्येकाला आधी असंच उभं करतात.

"हं," त्या म्हणाल्या. "बस आता."